पर्सनल कोचिंगसाठी माणूस तयार नाही, हे ओळखायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोचिंग सुरू करावं की थांबावं, याबद्दल फोनवर आणि मेसेजवर सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही स्वतःसाठी विचारलेले, बरेचसे घरातल्या दुसऱ्या कुणासाठी, आणि एक-दोन नव्या कोच मंडळींचे. उदाहरणांतले तपशील बदलले आहेत.

पर्सनल कोचिंगमध्ये नेमकं होतं काय?

ज्याला कामातली किंवा आयुष्यातली एखादी ठरावीक गोष्ट बदलायची आहे तो माणूस आणि कोच, साधारण दर आठवड्या-दोन आठवड्यांनी तासभर बोलतात. कोच प्रश्न विचारतो, कुठे अडतंय ते समोरच्याच्याच तोंडून बाहेर येऊ देतो आणि पुढच्या भेटीपर्यंत काय करणार हे त्याच्याकडूनच ठरवून घेतो. हा उपचार नाही, प्रवचन नाही, आणि एमपीएससी-जेईईच्या क्लासशी तर काहीच संबंध नाही.

खरं काम दोन भेटींच्या मधल्या दिवसांत होतं आणि ते कोच करत नाही. ते करण्याइतकी झोप, वेळ, सुरक्षितता किंवा स्वतःची इच्छा यांपैकी एखादी गोष्ट मुळातच नसेल, तर 'आत्ता नको' म्हणावं लागतं. खाली जे काही लिहिलंय ते या चार गोष्टींभोवतीच फिरतं.

तयारी नसल्याची पहिली खूण कोणती?

चौकशीचा फोन कुणी केला, ही. ज्याला कोचिंग घ्यायचंय त्याने स्वतः फोन केला नसेल, तर तयारी नसण्याची शक्यता दाट. मग फोन आईचा असो, बायकोचा असो की कंपनीच्या एचआरचा.

असा फोन कसा असतो ते सांगते. लातूरकडचे एक काका. मुलगा पुण्यात सदाशिव पेठेत राहून चार-पाच वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचून थांबलाय. काका म्हणतात, "मॅडम, पोरगं हुशार आहे, फक्त फोकस नाही. तेवढं त्याला समजावून सांगा." मी म्हणते, त्याच्याशी बोलू या. फोन स्पीकरवर जातो. "तुला स्वतःला काय बदलायचंय?" असं मी विचारते आणि उत्तर काकाच देतात. दुसऱ्यांदा विचारल्यावर मुलगा म्हणतो, "पप्पा म्हणतात ते बरोबर आहे." तिसऱ्या प्रश्नाला नुसतं "हं."

इथे कोचिंग सुरू केलं असतं तर दर आठवड्याला एक "हं" ऐकायला मिळाला असता, आणि बिल काकांना गेलं असतं. त्या मुलाशी नंतर एकट्याशी बोलणं झालं तेव्हा कळलं की त्याला परीक्षा सोडायची होती. घरी सांगायचं धाडस होत नव्हतं. म्हणजे बदलण्याची इच्छा त्याच्यात होती, पण वडील ज्यासाठी पैसे भरायला निघाले होते त्याच्या नेमकी उलटी. मुलगा पुढे आला असता तर त्याच्या प्रश्नावर काम करता आलं असतं. वडिलांच्या प्रश्नावर मात्र मुलाला बसवून काम करता येत नाही.

मग घरच्यांनी पैसे भरूच नयेत का?

भरावेत की. नोकरी नसलेल्या मुलाची फी वडिलांनी दिली, तर त्यात गैर काही नाही. अडचण होते ती फीबरोबर अहवालाची अपेक्षा येते तेव्हा. "तो काय बोलला ते आम्हाला जरा कळवत जा" ही अट ज्या घरात सुटत नाही, तिथे मुलगा तयार असला तरी घर तयार नसतं. परदेशातल्या मुलांसाठी इथून आईवडील फोन करतात तेव्हा हे हमखास होतं. मुलगा चौतिशीचा असतो, न्यू जर्सीत घर घेतलेला, आणि त्याच्या लग्नाच्या 'माइंडसेट'वर काम करायचं कोथरूडहून ठरतं.

अठरा वर्षांखालच्या मुलांची गोष्ट वेगळी. तिथे पालकांची संमती लागतेच, आणि बहुतेक वेळा मुलापेक्षा पालकांशी आधी बोलावं लागतं.

"पण मला स्वतःलाच बदल हवाय. मग मी तयार नाही असं कसं?"

हवंसं वाटणं आणि त्यासाठी काही करायला लागणं, यांच्या मधलं अंतर बरंच मोठं असतं. जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला सिगारेट सोडणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की लोक टप्प्याटप्प्याने बदलतात. आधी प्रश्न आहे हेच मान्य नसतं. मग 'सोडायला हवी' आणि 'पण...' अशी दोलायमान अवस्था येते. त्यानंतर तयारी, मग कृती, आणि मग ती टिकवणं. लोक घसरून मागच्या टप्प्यावर जातात, पुन्हा येतात. दोलायमान अवस्थेत माणूस महिनोन्‌महिने राहू शकतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

कोचिंग तिसऱ्या टप्प्याच्या आसपास सगळ्यात चांगलं चालतं. दुसऱ्या टप्प्यावरही चालतं, पण तिथे उद्दिष्ट 'नोकरी बदलणे' हे न ठेवता 'नोकरी बदलायची की नाही ते ठरवणे' असं ठेवावं लागतं. हा फरक सुरुवातीलाच बोलला गेला नाही तर तीन महिन्यांनी दोघंही वैतागतात.

स्वतःला तपासायचं असेल तर एक सोपी रीत आहे. शून्य ते दहा अशी पट्टी मनात धरा. हा बदल माझ्यासाठी किती महत्त्वाचा आहे? आकडा द्या. समजा सहा आला. आता 'दहा का नाही?' असं विचारू नका, 'तीन का नाही?' असं विचारा. पहिल्या प्रश्नावर आपण सबबी देतो. दुसऱ्यावर स्वतःची कारणं बाहेर येतात. 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' या पद्धतीतली ही युक्ती आहे. विल्यम मिलर यांनी ती पद्धत १९८३ साली मांडली आणि स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर पुढे वाढवली. 'तीन का नाही?' याला तुमच्याकडे स्वतःचं एकही कारण नसेल, सगळी कारणं 'ही म्हणते', 'साहेब म्हणतात' अशी असतील, तर थांबा.

बोलण्यातून काही अंदाज येतो का?

येतो. एकेका वाक्यावरून कुणाला निकालात काढू नये, पण ही वाक्यं पुन्हा पुन्हा आली तर कान टवकारावेत.

"तुम्हीच सांगा मी काय करू." पहिल्या भेटीत हे सगळेच म्हणतात. चौथ्या भेटीतही हेच असेल, तर त्यांना सल्लागार हवाय. आर्थिक सल्लागार, वकील, त्या क्षेत्रातले एखादे ज्येष्ठ. तसं सांगून टाकावं.

"मी सगळं करून बघितलंय." प्रत्येक सूचनेला "ते केलं, नाही झालं." इथे कोच दमतो, आणि न कळत पटवून द्यायला लागतो. पटवून द्यायला लागलात की समजा गाडी उलटी फिरली. समोरचा बदलाच्या विरोधात युक्तिवाद करतो आणि स्वतःचेच शब्द ऐकून त्याचं मत आणखी पक्कं होतं. 

"माझ्या बायकोचं एकदा तुम्ही ऐका म्हणजे कळेल." किंवा बॉसचं, किंवा सासूचं. तासातली पन्नास मिनिटं दुसऱ्या माणसावर जात असतील आणि 'यातलं तुमच्या हातात काय आहे?' हा प्रश्न अपमानासारखा लागत असेल, तर अजून राग ओसरायचाय. आधी एखाद्या मित्रापाशी मनसोक्त बोलून घ्यावं. ते फुकट असतं.

"किती सेशनमध्ये रिझल्ट?" हे विचारण्यात गैर काहीच नाही, मीही डॉक्टरांना विचारते. पण 'रिझल्ट म्हणजे तुमच्या मते काय?' यावर उत्तर शून्य असेल, तर आधी तेवढं ठरवून या.

आणि जो प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो?

माझ्या मते सगळ्यात उशिरा लक्षात येणारा प्रकार हाच. वेळेवर येतात, वही घेऊन येतात, "काय सुंदर प्रश्न विचारलात मॅडम" म्हणतात. ठरलेलं काम मात्र दर वेळी राहून जातं, आणि दर वेळी कारण अगदी रास्त असतं. गौरी-गणपती, मग सहामाही परीक्षा, मग दिवाळी, मग ऑडिट. ज्या घरात लहानपणापासून मोठ्यांना उलटून बोलायची सोय नव्हती, त्या घरातल्या माणसाला "हे मला करायचं नाहीये" असं कोचलाही सांगता येत नाही. तो नम्रपणे हो म्हणतो आणि करत नाही. त्याच्याकडे नकार द्यायची तेवढी एकच रीत असते.

एकदा अशा एका बाईंना मी म्हटलं, पुढच्या वेळी माझ्या एका तरी सूचनेला नाही म्हणून दाखवा. त्या हसल्या. पुढच्या वेळी आल्या आणि म्हणाल्या, "मला वाटतं हे कोचिंगच मला नकोय. यांनी वाढदिवसाला गिफ्ट दिलं होतं, म्हणून येत होते." आमचं तोवरचं सगळ्यात प्रामाणिक बोलणं ते होतं. उरलेल्या भेटींचे पैसे परत केले.

हे नैराश्य आहे की नुसता आळस? कोच लागेल की डॉक्टर?

यावर थोडं सविस्तर, कारण इथे चुकलं तर नुकसान फक्त पैशांचं होत नाही.

दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, मन उदास आहे किंवा एरवी आवडणाऱ्या गोष्टीत रस उरलेला नाही. सोबत झोप-भूक बिघडलीये, एकाग्रता होत नाही, आपण कुचकामी आहोत असं वाटतंय. असं चित्र असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, कोच नंतर. हे नैराश्याचं निदान नव्हे, ते करणं कोचचं कामही नाही. तपासणीला पाठवण्याइतकं कारण मात्र नक्कीच आहे. अशा माणसाला 'या आठवड्यात तीन उद्दिष्टं लिहून आणा' म्हटलं, ती झाली नाहीत, की 'मी तेवढंही करू शकलो नाही' याची आणखी एक नोंद त्याच्या मनात होते. मदत म्हणून दिलेली गोष्ट त्याच्याविरुद्धचा पुरावा बनते.

आधी रक्तही तपासून घ्या. थायरॉइड कमी असणं, हिमोग्लोबिन कमी असणं, बी-१२ची कमतरता (शाकाहारी घरांत ही बरीच आढळते) यांमुळे थकवा, मंदपणा, विसराळूपणा येतो आणि घरचे त्याला 'मोटिव्हेशन गेलंय' म्हणतात. गोळीने सुटणाऱ्या प्रश्नासाठी सहा महिने स्वतःच्या मानसिकतेवर काम करत बसू नये.

जीव नकोसा झाल्याचं बोलणं, निरवानिरवीची भाषा, किंवा स्वतःला इजा करणं असं काही असेल तर कोचिंगचा विषय तिथेच संपला. त्या माणसाला एकटं सोडू नका. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, ती मराठीतही बोलते. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झाली, पण अजून कितीतरी घरांत हा नंबर माहीत नसतो. तातडीचा धोका असेल तर ११२, किंवा थेट जवळचं रुग्णालय.

उलट, कुणी फारच उत्साहात असेल तर?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, म्हणून मीच इथे घातलाय. 'तयार नाही' म्हणजे मरगळलेला माणूसच डोळ्यांसमोर येतो. पण कधी कधी फोनवर असा माणूस येतो की त्याच्यापेक्षा तयार कुणी नसेल असं वाटतं. आठवडाभर दोन-तीन तासच झोपतोय तरी थकलेला नाही, एकाच वेळी तीन कंपन्या काढतोय, काल राजीनामा दिला, आज गाडी बुक केली, बोलणं थांबत नाही, आणि घरचे म्हणतात 'हा असा कधी नव्हता'. नव्या कोचला हा स्वप्नातला क्लायंट वाटतो. हा मूड डिसऑर्डरचा, म्हणजे मॅनिया किंवा हायपोमॅनियाचा (आजारामुळे मन बेफाम उत्साहात जाण्याचा) भाग असू शकतो, आणि त्याच्या वेगात भर घालणं धोक्याचं. इथेही आधी मानसोपचारतज्ज्ञ. मोठे खर्च, राजीनामे, जमिनीचे व्यवहार तोवर थांबवता आले तर फार बरं.

गोळ्या किंवा थेरपी चालू आहे. कोचिंग घेता येईल का?

बहुतेक वेळा हो. डॉक्टर आणि थेरपिस्टना सांगून. नैराश्याच्या गोळ्यांचा परिणाम जाणवायला काही आठवडे लागतात, तेवढे जाऊ द्या. आणि कुणी कोच "आता गोळ्यांची गरज नाही, माइंडसेट बदला" म्हणाला, तर गोळ्या बदलू नका, कोच बदला.

घरात दारूचा प्रश्न आहे. कोचने समजावलं तर फरक पडेल?

नाही. रोज पिणाऱ्या माणसाने अचानक पूर्ण बंद केलं तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं असे जिवावर बेतणारे प्रकार होऊ शकतात. ते वैद्यकीय देखरेखीतच करायचं असतं. आपल्याकडे यासाठी चांगल्या जागा आहेत. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणारे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचे मराठी गट गावोगावी आहेत, आणि घरच्यांसाठी तसेच अल-ॲनॉनचे गट आहेत. तो माणूस जायला तयार नसेल तर घरच्यांनी आधी जावं. दारू सुटून घडी बसल्यावर 'आता आयुष्याचं काय करू?' हा प्रश्न येतो, तिथे कोचिंगचा खरंच उपयोग होतो.

नुकतंच घरात कुणी गेलंय. 'मूव्ह ऑन' व्हायला कोच घ्यावा का?

शोकाला उद्दिष्ट लावू नका. पहिले काही महिने तर नकोच. माणसं लागतात त्या वेळी, आणि वेळ. वर्षभरानंतरही रोजचं आयुष्य ठप्प असेल तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

नोकरी गेलीये. हीच तर कोचिंगची वेळ ना?

कधी हो, कधी नाही. खिशात सहा महिन्यांचा खर्च आहे आणि 'पुन्हा तेच काम करायचं की वेगळं?' असा प्रश्न पडलाय, तर जरूर या. पुढच्या महिन्याचा हप्ता कसा भरायचा हा प्रश्न असेल, तर आधी पोटोबा. अमेरिकेत एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्या आणि ले-ऑफ झालेल्या मुलांचे फोन येतात. त्यांना नवी नोकरी शोधायला किंवा दुसरा मार्ग काढायला जास्तीत जास्त साठ दिवसांची सवलत मिळते. त्या साठ दिवसांत इमिग्रेशन वकील, ओळखीपाळखी आणि इंटरव्ह्यूची तयारी. आयुष्याचा अर्थ शोधायला नंतर वेळ आहे.

आणि कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर किंवा दागिना मोडून कोचिंग घेऊ नका. कुठल्याही कोचचं. फीची काळजी डोक्यावर असलेला माणूस दर भेटीत वसुलीचा हिशोब करत बसतो. करणारच.

नवरा मारहाण करतो. 'कॉन्फिडन्स' वाढवायला कोचिंग घेऊ का?

आत्मविश्वास कमी आहे म्हणून मार बसत नाही, मारणारा मारतो म्हणून बसतो. आधी सुरक्षितता. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे तक्रार नोंदवता येते; महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. अशा घरात 'ठामपणे बोलायला शिका' हा गृहपाठ देणं म्हणजे त्या बाईला आणखी मार खायला लावणं. ज्या कोचला हे कळत नाही तोच या कामाला तयार नाही.

कंपनीने पाठवलंय. नाही म्हणता येत नाही.

आधी विचारून घ्या, का पाठवलंय. बढतीच्या तयारीसाठी पाठवलं असेल तर छान. पण तुम्ही साठ किंवा नव्वद दिवसांच्या परफॉर्मन्स इम्प्रूव्हमेंट प्लॅनवर (म्हणजे 'एवढ्या दिवसांत काम सुधारा' अशा लेखी मुदतीवर) असाल आणि त्याला जोडून कोचिंग आलं असेल, तर ते खरंच मदतीसाठी आहे की फाइलमध्ये 'आम्ही सगळे प्रयत्न केले' असं लिहायला, हे बघावं लागतं. सुरू होण्याआधी तुम्ही, कोच आणि कंपनी तिघांत लेखी ठरवा: कंपनीला काय कळेल आणि काय कळणार नाही. हजेरी आणि ठरलेली उद्दिष्टं कळवणं ठीक, संभाषण नाही. एचआर हे लिहून द्यायला कचरत असेल तर तुम्ही मोकळेपणी बोलणार नाही, बोलूही नये.

वेळच मिळत नाही. ऑफिसच्या गाडीतून फोनवर सेशन केलं तर?

गाडीत शेजारी सहकारी बसलेले असताना तुम्ही खरं काय ते बोलणार आहात का? आठवड्यातून एक तास एकट्याचा आणि मधल्या दिवसांत तास-दीड तास कामाला. एवढंही सापडत नसेल तर ती बाळंतपणाची, आजारपणाची किंवा मार्च एंडची वेळ असेल. जाऊ द्या. एप्रिलमध्ये बघू.

"तुम्ही रेडी नव्हता म्हणून रिझल्ट आला नाही," असं माझा आधीचा कोच म्हणाला. खरं आहे का?

असेलही, पण मग त्याने ते पैसे घेण्याआधी ओळखायला हवं होतं. तयारीचा मुद्दा काही लोक ढालीसारखा वापरतात: यश आलं तर पद्धतीचं, नाही आलं तर तुमच्या 'रेझिस्टन्स'चं. याच लोकांना भरती करताना मात्र कुणीच अपात्र दिसत नाही. हॉटेलातला मोफत सेमिनार, संगीत, रडारड, आणि शेवटी 'आज रात्री बारापर्यंतच ही फी'. ज्याला विचार करायला एक रात्र मिळत नाही, त्याची तयारी आहे की नाही हे कुणी तपासलेलंच नसतं.

भारतात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही सरकारी परवाना लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतात. कोच मात्र कुणीही उद्यापासून. १९९५ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनची प्रमाणपत्रं ऐच्छिक आहेत. त्यातल्या पहिल्या पायरीला किमान साठ तासांचं प्रशिक्षण आणि शंभर तासांचा अनुभव लागतो. प्रमाणपत्र असलं म्हणजे माणूस चांगलाच असं नाही. पण एक प्रश्न जरूर विचारा: "तुम्ही अलीकडे कुणाला नाही म्हणालात, आणि का?" नाव न घेता सांगता येतं. ज्याने कधीच कुणाला परत पाठवलं नाही, त्याच्याकडे जाताना जरा जपून.

मी नवीन कोच आहे. समोरचा तयार नाही असं दिसलं तर सांगायचं कसं? वाईट वाटेल त्यांना.

वाटेल थोडं. 'तुम्ही तयार नाही' हे वाक्य मात्र वापरू नका, ते प्रगतिपुस्तकावरच्या शेऱ्यासारखं लागतं. जे दिसलं ते सांगा. "तीन आठवडे झोप नाही असं तुम्ही म्हणालात. आधी डॉक्टरांना दाखवा, मग आपण बोलू." किंवा "आत्ता या तासात तुम्ही वडिलांबद्दल बोललात, स्वतःबद्दल फारसं नाही. तुमचा स्वतःचा प्रश्न कोणता ते सापडलं की फोन करा." आणि नुसतं परत पाठवू नका, आपल्या भागातल्या एक-दोन मानसोपचारतज्ज्ञांशी, समुपदेशकांशी आधीच ओळख करून ठेवा. रात्री दहा वाजता कुणी रडत फोन केला, तर त्या वेळी गूगल करत बसण्यात अर्थ नाही.

सुरुवात झाल्यावर लक्षात आलं तरी हेच. ज्या भेटी झाल्या नाहीत त्यांचे पैसे परत, आणि तेही त्यांनी मागायच्या आत.

'आत्ता नको' म्हणाल्यावर पुन्हा कधी विचारू?

ठरावीक मुदत नाही. काहींचं दोन आठवड्यांत होतं, कारण नुसती परीक्षा किंवा घरातलं लग्न आटपायचं असतं. काहींचं वर्ष जातं. तोवर घरच्या घरी एक करून बघा: जी गोष्ट बदलायची म्हणताय त्यातला अगदी लहानसा तुकडा घ्या आणि कुणालाही न सांगता आठवडाभर करा. सकाळी उठायचं असेल तर पंधरा मिनिटं लवकर. नोकरी बदलायची असेल तर एका जुन्या सहकाऱ्याला फोन. झालं तर कदाचित कोचची गरजच पडणार नाही. झालं नाही, आणि का झालं नाही याचं तुम्हाला कुतूहल वाटलं, तर फोन करा. नुसताच स्वतःचा राग आला असेल तर अजून थोडं थांबा. आणि फोन स्वतः करा, आईला लावायला सांगू नका. पहिल्या अर्ध्या तासाचे पैसे घेत नाही.